अजान ऐकू न येणाऱ्या गावात घर

"तिथे अजान ऐकू येते का?"

धाकट्या भावाने इंग्लंडच्या एका खेड्यात घर घ्यायचे ठरवल्याचे फोनवर सांगितले, तेव्हा दापोलीहून अम्मीने विचारलेला हा पहिला प्रश्न. किंमत किती, खोल्या किती, हे नंतर. भाऊ क्षणभर थांबून म्हणाला, "नाही अम्मी. चर्चची घंटा ऐकू येते. अजान मोबाइलवर लावतो." अम्मीच्या होकाराशिवाय अखेरची सही करणार नाही, असेही त्याने सांगून टाकले.

2025 च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही उभयता त्याच्याकडे महिनाभर राहून आलो. निघताना अम्मीने बजावले होते, "घर बघा, शेजार बघा आणि खरे काय ते मला सांगा."

भाऊ आणि भावजय दोघेही तिथल्या इस्पितळात कामाला आहेत. गाव हेरफर्डशायर परगण्यातले. सफरचंदाच्या बागा, तांबडी गुरे, काळ्या लाकडी चौकटींची पांढरी घरे. शहरातले भाडे परवडेना म्हणून दोन वर्षांपूर्वी ते या गावात भाड्याने राहायला आले आणि गाव आवडले.

पहिल्यांदा त्यांनी पसंत केले ते गवताने शाकारलेले जुने घर. भावजयीला त्यात आपले कोकणातले माजघर दिसले. पण ते घर सरकारच्या वारसायादीत होते. अशा घराची खिडकी बदलायची तरी आधी मंजुरी लागते. विनापरवाना बदल केला तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. गवती छपरामुळे विमाही महाग. तरी त्यांनी किंमत सांगितली, मालकाने होकार दिला. आणि सहा आठवड्यांनी जास्त पैसे देणारा भेटताच मालक फिरला. वकिलाची आणि घर तपासणाऱ्या सर्व्हेअरची फी बुडाली.

आपल्याकडे इसार दिला, इसारपावती झाली की माणूस बांधला जातो. इंग्लंडात तोंडी होकाराला, अगदी पत्रातल्या होकारालाही, कायद्याचा आधार नसतो. दोन्ही बाजूंचे वकील सह्या केलेल्या करारांची अदलाबदल करतात, तेव्हाच व्यवहार पक्का होतो. त्यावेळी बहुधा दहा टक्के रक्कम भरायची. मग मागे फिरणाऱ्याला ती गमवावी लागते. चावी मिळते ती त्यानंतर ठरलेल्या दिवशी.

मधल्या काळात वकील शोध घेतो. जमीन कोणाच्या नावावर, पुराचा धोका आहे का, आवारातून सार्वजनिक पायवाट जाते का. पायवाट असेल तर तिच्यावरून कोणीही चालू शकतो, फाटक बंद करता येत नाही. आपण सातबारा बघतो तशी तिथे लँड रजिस्ट्रीची नोंद बघतात. खेड्यात आणखी दोन प्रश्न विचारावेच लागतात. गॅसची पाइपलाइन आहे का? नसेल तर थंडीत घर गरम ठेवायला टाकीत तेल भरून घ्यावे लागते. आणि सांडपाणी कुठे जाते? पुष्कळ घरांना स्वतःची सेप्टिक टाकी असते आणि तिची जबाबदारी मालकाची.

दुसरे घर साधे, विटांचे, जोडघरातले अर्धे. किंमत दोन लाख ऐंशी हजार पौंड. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना तीन लाखांपर्यंत मुद्रांक शुल्क माफ असल्याने तो खर्च वाचला. पण खरा पेच कर्जाचा होता. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही, हे दोघांनी निकाहानंतर लगेच ठरवले होते. नऊ वर्षे भाडे भरले, पण त्या शब्दाला जागले.

शेवटी त्यांनी घटत्या भागीदारीचा, म्हणजे मुशारकाचा मार्ग धरला. घर बँक आणि आपण मिळून घ्यायचे. बँकेच्या हिश्श्याचे भाडे द्यायचे आणि दरमहा तो हिस्सा थोडाथोडा विकत घ्यायचा. त्यांच्याकडून बँकेने वीस टक्के रक्कम आधी मागितली आणि महिन्याचा हप्ताही साध्या कर्जापेक्षा जड पडला. पूर्वी एक अडचण अशी होती की घर आधी बँकेच्या आणि मग गिऱ्हाइकाच्या नावावर होताना मुद्रांक शुल्क दोनदा लागे. 2003 च्या वित्त कायद्याने ती दूर होऊ लागली. करार आलिमांना दाखवूनच भावाने पुढचे पाऊल टाकले. वाचकांनीही तसेच करावे, नुसत्या 'हलाल' या शब्दावर जाऊ नये.

राहणीमान कसे? मेअखेरीस मगरिब रात्री सव्वानऊच्या सुमारास, इशापर्यंत डोळे मिटू लागतात. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार. बस दिवसातून मोजकी. जुम्याला पाऊण तास गाडी. पुतणी सात वर्षांची. शाळेत ती एकटीच मुस्लिम. तिच्या कुराणाच्या तालमीसाठी दर शनिवारी लांब शहरात जावे लागते. आमची खरी काळजी हीच होती आणि ती आम्ही भावाजवळ बोलून दाखवली. तो म्हणाला, "काळजी आम्हालाही आहे. म्हणून तर शनिवार चुकवत नाही."

अम्मीची दुसरी काळजी मयतीची. हीथ्रोहून येताना भावाने मुद्दाम वोकिंगला गाडी वळवली होती. तिथली शाहजहाँ मशीद 1889 सालची, भोपाळच्या बेगमसाहेबांच्या देणगीतून उभी राहिलेली. जवळच ब्रुकवूडच्या कब्रस्तानात, आपल्या मुंबईत जन्मलेले कुराणाचे इंग्रजी भाषांतरकार अब्दुल्ला यूसुफ अली यांची कबर आहे. आम्ही फातिहा पढलो. त्या मातीत आपली माणसे आधीपासून आहेत, हे पाहून मन थोडे हलके झाले.

आणि शेजार? नवे घर मिळणार हे कळताच शेजारच्या आजीबाई घरची साइडर घेऊन आल्या. तो सफरचंदाचा रस आंबवून केलेला, म्हणजे दारूच. भावजयीने बाटली हाती न घेता, पण त्यांना आत बसवून, चहा देऊन कारण सांगितले. आजीबाई ओशाळल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच बागेतल्या सफरचंदांचा ताजा रस घेऊन आल्या. ईदला शिरखुर्म्याचा पहिला वाडगा आता त्यांच्याकडे जातो.

त्या रात्री आम्ही अम्मीला सारे सांगितले. तेल, टाकी, अंधार, पाऊण तासाचा जुमा, काही लपवले नाही. रसाची गोष्ट मात्र तिने दोनदा ऐकली. मग म्हणाली, "शेजाऱ्याचा हक्क दोन्हीकडून सांभाळला जातोय. करू दे सही. पण शनिवार सुटता कामा नये."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी आम्ही इथून व्हिडिओवर पुतणीला उर्दू शिकवतो. तिच्या मागच्या खिडकीतून सफरचंदाची झाडे दिसतात. परवा तिने पहिल्यांदा न अडखळता वाक्य लिहिले : हे आमचे घर आहे.