जिताडा, शिंगाळा आणि खाडीचे नियम

धरमतरच्या खाडीकाठी, पेण-अलिबागच्या खारेपाटात, जिताडा ही मानाची भेट समजली जाते. त्याच पाण्यात, पुष्कळदा त्याच जाळ्यात, शिंगाळा सापडतो. दक्षिण कोकणात त्यालाच शेंगटी म्हणतात. अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशा, पाठीवर आणि कल्ल्यांमागे विषारी काटे. बाजारात भावही बेताचा. एकाला मान, दुसऱ्याला दुय्यम जागा. पण खाडीतल्या मासेमारीचे नियम कसे असावेत हे कळायला हे दोघे फार उपयोगी पडतात. कारण दोघांच्याही प्रजननाची तऱ्हा इतर माशांहून वेगळी आहे.

खाडीचा पहिला नियम कोणत्याही सरकारने केलेला नाही. तो भरती-ओहोटीचा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजी वेळ मिळते, हा आडाखा कोकणात जुना आहे. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याला जोर. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी संथ. भरतीबरोबर बोईट आणि कोळंबी कांदळवनात शिरतात. ओहोटी लागली की ती खाली उतरतात आणि ओहोळाच्या तोंडाशी जिताडा दबा धरून असतो. शिंगाळा तळाच्या चिखलात, गढूळ पाण्यातही मिशांनी चाचपत अन्न शोधतो. म्हणून जिताड्यासाठी जिवंत कोळंबीचा गळ किंवा पाग, तर शिंगाळ्यासाठी तळाशी सोडलेला गळ. प्रवाहात खुंटांना बांधलेल्या जाळ्यात मात्र दोघेही येतात.

आता जिताड्याचे आयुष्य पाहू. पावसाळ्यात तो खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात प्रजनन करतो. पिल्ले भरतीबरोबर आत येतात आणि कांदळवनात, खारभूमीच्या बांधांलगत, उघाडीतून थेट भातखाचरांपर्यंत पोचतात. खारेपाटातले शेतकरी ती धरून तळ्यात वाढवतात. बहुतेक जिताडे आधी नर म्हणून वयात येतात. साधारण सहा-आठ वर्षांचे होऊन मीटरभर लांबीच्या जवळ पोचले की त्यांचे मादीत रूपांतर होते. म्हणजे ज्या मोठ्या जिताड्याचा फोटो काढला जातो, तो बहुधा लाखांनी अंडी घालणारी मादी असते.

शिंगाळ्याचे उलटे आहे. त्याची अंडी मोजकी, काही डझन, पण वाटाण्याहून मोठी. ती नर तोंडात घेतो आणि पिल्ले बाहेर पडून सावरेपर्यंत कित्येक दिवस तोंडातच सांभाळतो. त्या काळात तो सहसा काही खात नाही. त्यामुळे गळाला लागलेला शिंगाळा बहुधा पिल्लावळीचा बाप नसतो. असा बाप सापडतो तो जाळ्यात. कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आल्यावर अशा नरांचे थवेच्या थवे ओढले गेले आणि तोंडातली अंडी नासली. मत्स्यशास्त्रज्ञांनी १९८०च्या सुमारास याबद्दल सावध केले होते. पुढे पश्चिम किनाऱ्यावरची शिंगाळ्याची मासेमारी कोसळली. अंडी मोजकी असणारा मासा असा घाव लवकर भरून काढू शकत नाही.

कायदा काय सांगतो? १८९७चा भारतीय मत्स्योद्योग अधिनियम पाण्यात सुरुंग किंवा विष वापरून मासे मारण्यास मनाई करतो. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१चा. २०२१मध्ये त्यातला दंड वाढवण्यात आला. त्याखाली अनेक वर्षे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी राहिली. २०२३मध्ये राज्याने ५४ जातींसाठी पकडीची किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे.

हे नियम हवेतच. पण ते मुख्यतः समुद्राकडे पाहून केलेले आहेत. पावसाळी बंदीतून बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट आहे आणि गरीब मच्छीमाराच्या पोटासाठी ती योग्यही आहे. मात्र त्यामुळे जिताड्याच्या ऐन विणीत खाडीचे मुख उघडेच राहते. शिवाय किमान लांबी लहान माशाला वाचवते, मोठ्या मादीला नाही. तोंडात अंडी धरलेला शिंगाळा लांबीच्या मापात बसतो, म्हणून तोही वाचत नाही.

यावर उपाय आहे. ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून प्रसिद्ध असलेला मासा म्हणजे आपला जिताडाच. क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटिमीटरहून लहान आणि १२० सेंटिमीटरहून मोठा मासा सर्वसाधारणपणे पाण्यात परत सोडावा लागतो, आणि पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी हा विणीचा काळ बंद असतो. तिथले आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तत्त्व मात्र लागू होते. मधल्या मापाचा मासा घ्यावा, दोन टोके सोडावीत. तळ्यांसाठी पिल्ले खाडीतूनच आणली पाहिजेत असेही नाही. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संशोधन संस्थेने १९९७मध्येच जिताड्याचे बीज कृत्रिमरीत्या तयार करून दाखवले आहे.

शिंगाळ्यासाठी तर फूटपट्टीही नको. गळा फुगलेला, तोंडातून अंडी सांडणारा नर जाळ्यात जिवंत दिसला, तर काट्यांपासून हात जपून त्याला लगेच पाण्यात सोडावे. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्याला ठेवण्याची आणि जाळ्याच्या खुंटांच्या जागा आपसात ठरवून पाळण्याची शिस्त कोळीवाड्यांनी कायदा येण्याआधीच घालून घेतली होती. त्या शिस्तीत मोठी जिताडी आणि अंडी सांभाळणारा शिंगाळा यांना जागा देणे कोळीवाड्यांना अवघड नाही. शासनाने मात्र खाडीचा स्वतंत्र विचार करून, मच्छीमारांशी बोलून, त्याला नियमाचे बळ द्यायला हवे.