चहाची पेठ

सकाळी चूळ भरल्याबरोबर ज्या पेयावाचून घरातील वडीलधाऱ्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत आज कोणाचेच चालत नाही, त्या पेयास संस्कृतात नाव नाही. अमरकोश पहिल्या कांडापासून अखेरपर्यंत चाळला तरी चहा त्यात सापडावयाचा नाही. सापडणार तरी कसा? वस्तूच जेथे ठाऊक नव्हती, तेथे शब्द कोठून यावा? परंतु जगातील भाषांत या वस्तूची जी नावे आहेत, त्यांवरून तिच्या व्यापाराचा नकाशा काढता येतो. चीनमधून खुष्कीच्या वाटेने ज्या ज्या देशांत ती गेली, तेथे ‘चा’, ‘चाय’ हे शब्द रुजले. रशिया, इराण, तुर्कस्तान ही त्यांची उदाहरणे. डच व्यापाऱ्यांनी फूक्येन प्रांताच्या किनाऱ्यावरून समुद्रमार्गे ती युरोपात नेली, त्या किनाऱ्यावरची बोली ‘ते’ म्हणत असे. त्याचे इंग्रजांनी ‘टी’ केले. आपला ‘चहा’ पहिल्या कुळातला, हे सांगावयास नकोच.

चहाच्या पेल्यापायी आपल्या लोकांस काय सोसावे लागले, हे पुणेकरांस तरी विसरता येणार नाही. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात पंचहौद मिशनमध्ये पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास जमली असता त्यांच्यापुढे चहा व बिस्किटे आली. कोणी प्याले, कोणी पेला नुसता हाती धरला. गोपाळराव जोश्यांनी पुढे त्या मंडळींची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली, आणि ग्रामण्य सुरू झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले, त्यावरून त्यांच्या सुधारक स्नेह्यांचाही रोष त्यांस पत्करावा लागला. खरे पाहता तंटा चहाचा नव्हताच, तो कोणाच्या हातचा याचा होता. तरीपण ज्या समाजाने त्या पेल्यावरून दोन वर्षे वाद घातला, त्याच समाजाच्या प्रत्येक चुलीवर पन्नास वर्षांच्या आत चहाचे आधण चढले. हे आपोआप झाले, असा आपला समज असतो. मलाही पुष्कळ दिवस तसेच वाटत होते.

मूळ गोष्ट अशी की, इंग्लंडास चहा हवा होता आणि तो चीनवाचून कोठे मिळत नव्हता. चिनी व्यापाऱ्यास विलायती कापडाचे फारसे कौतुक नव्हते. त्यास चांदी हवी. चांदीचा हा ओघ थांबविण्यासाठी हिंदुस्थानातील अफू चीनमध्ये उतरविण्यात आली. बंगालची अफू कलकत्त्याहून जाई, माळव्याची आपल्या मुंबईहून. मुंबईच्या कित्येक जुन्या घराण्यांचे वैभव तिच्यावरच उभे राहिले. या अफूपायी १८३९ ते १८४२ पर्यंत युद्ध झाले. त्याच १८३९ च्या जानेवारीत लंडनच्या बाजारात आसामच्या चहाचा पहिला लिलाव झाला, हा योगायोगच म्हणावयाचा.

आता नवा माल जुन्या गिऱ्हाइकाच्या गळी उतरवावयाचा होता. आसामचा चहा काळा, उग्र, दूधसाखर घालून बरा लागणारा. विलायतेतील लोकांस चिनी चहाची चव लागलेली. तेथे निर्यातीच्या हिरव्या चहाला रंग यावा म्हणून प्रशियन निळी आणि जिप्सम फासतात, हे रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधील कारखान्यांत स्वतः पाहिले व इंग्लंडात कळविले. मग काय विचारता! चिनी चहा हाताने मळलेला, म्हणून गलिच्छ. आपला यंत्राने वळलेला, म्हणून शुद्ध, असा डांगोरा मळेवाल्यांच्या अडत्यांनी पिटला. १८८८ साली इंग्लंडात येणाऱ्या चहात हिंदुस्थानचा वाटा चीनहून अधिक झाला.

परंतु मळे वाढले तसा माल तुंबू लागला व भाव पडले. तेव्हा मळेवाल्यांनी स्वतःच सरकारकडे मागणी केली की, निर्यातीवर कर बसवा आणि तो पैसा जाहिरातीस द्या. व्यापाऱ्याने आपल्यावर कर मागून घ्यावा, असे उदाहरण विरळा! १९०३ च्या कायद्याने पौंडामागे पाव पै बसली. आरंभी यातील बराच पैसा अमेरिकेत खर्च झाला. तेथील लोकांनी १७७३ साली बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात लोटल्या होत्या, आणि पुढे ते कॉफीकडे वळले होते. १९०४ च्या सेंट लुईसच्या प्रदर्शनात हिंदी चहाच्या प्रचारासाठी रिचर्ड ब्लेचिंडन नावाचे गृहस्थ बसले होते. उन्हाळा कडक, वाफाळता पेला कोणी हाती धरीना. तेव्हा त्यांनी चहात बर्फ घातले आणि गर्दी लोटली, अशी आख्यायिका आहे. बर्फाच्या चहाची कृती त्याआधीच्या अमेरिकन पाकपुस्तकांत छापलेली आहे, तेव्हा शोधाचे श्रेय त्यांस देता येत नाही. परंतु अमेरिकन माणूस अजूनही बहुतांशी थंड चहाच पितो, हे खरे.

प्रत्येक देशाने चहास आपापल्या संस्कारांत घेतले आहे. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ च्या सुमारास, बाल्टिकची बंदरे बंद झाली, तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांनी अडकलेला चिनी हिरवा चहा मोरोक्कोत उतरविला. तेथील लोकांनी त्यात पुदिना व मूठभर साखर घातली आणि तो आपला राष्ट्रीय पाहुणचार करून टाकला. रशियात समोवार, इराणात खडीसाखर दातांत धरून वर बिनदुधाचा चहा. या देशांस अखंड पानाचा, ज्यास व्यापारी ‘ऑर्थोडॉक्स’ म्हणतात, तो चहा लागतो. दुधात उकळावयाची आमची भुकटी त्यांच्या उपयोगाची नाही. सोव्हिएट संघ आपला मोठा खरीददार होता. १९९१ साली तो मोडला, तेव्हा आपल्या मळ्यांस त्याचा जबर धक्का बसला. एकाच गिऱ्हाइकावर विसंबणे किती धोक्याचे!

हिंदुस्थानच्या गिऱ्हाइकाकडे मळेवाल्यांचे खरे लक्ष गेले ते १९३० नंतरच्या मंदीत. १९३३ साली हिंदुस्थान, सिलोन व डच ईस्ट इंडीज यांनी करार करून परदेशी धाडावयाच्या चहावर मर्यादा घातली. उरलेला माल कोठे घालावयाचा? घरी! शहरोशहरी माणसे फिरू लागली. स्थानकांवर देशी भाषांतून चहा कसा करावा याचे फलक लागले. बायकांस दाखविण्यासाठी बायका नेमल्या. फुकट पेला आणि पैशाचे पुडके!

आमच्या घरी, वाईस, याची कथा झालेली आहे. आजोबांनी चहा वर्ज्य केला होता, पण तो सोवळ्यापायी नव्हे. १९२१ च्या मे महिन्यात सिल्हेटकडील चारगोळा खोऱ्यातील मळ्यांचे हजारो मजूर, मजुरी पोट भरण्यास पुरेना म्हणून, बायकामुलांसह गावाकडे निघाले. चांदपूरच्या स्थानकावर रात्री त्यांच्यावर सैनिकांनी हल्ला केला. ही हकीकत वर्तमानपत्रात वाचून आजोबांनी पेला खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही. आजीस मात्र पुढे वाड्यात आलेल्या प्रचारक बाईने चहा शिकविला. पाणी उकळून भांडे उतरवावे, पाने टाकून पाच मिनिटे झाकावी, दूध वरून घालावे, असा तो पाठ. आजोबा संध्येस बसले की, ती माजघरात पेला भरी. घरातल्या सर्वांस ठाऊक होते, आजोबांसही असावे.

१९४७ साली अन्नदा मुन्शी यांनी काढलेले एक चित्र गाजले: चरख्यापाशी बसलेली स्त्री, जवळ चहा, आणि चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याची ग्वाही. आजीने ते कोठल्याशा मासिकात पाहून आजोबांपुढे ठेवले. “पान इथले हो, मळा कोणाचा?” एवढेच ते म्हणाले. प्रश्न बरोबर होता. त्या वेळी बहुतेक मोठे मळे विलायती कंपन्यांचेच होते. आजोबा वारले त्या वर्षापासून आजीने चहा सोडला. मी लहान होतो, कारण विचारले. ती म्हणाली, “आता कोणापासून चोरून प्यायचा, बाळ?”

मंडळाच्या शिकवणीत एक गोष्ट मात्र आपल्या लोकांनी ऐकली नाही. दूध भरपूर आणि पाने थोडी, वर आले-वेलदोडा, असा चहा चहावाले विकू लागले. त्यात पत्ती कमी खपते, म्हणून प्रचारकांचा त्यास विरोध असे. पुढे पान चिरडून, फाडून, वळून दाणे करणारे ‘सीटीसी’ यंत्र सर्वत्र पसरले. ते १९३० च्या सुमारास आसामातच मॅककर्चर नावाच्या मळेवाल्याने बनविले होते. त्या कडक, स्वस्त दाण्याने उकळलेल्या चहाचे राज्य पक्के केले. आज देशात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे चार-पंचमांश आपणच पितो. २००० साली तर टाटा टीने टेटली ही विलायती पेढी २७ कोटी १० लक्ष पौंडांस विकत घेतली. जिने १९५३ साली इंग्रजांस चहाची पिशवी वापरावयास शिकविले, तीच ही पेढी. मळ्यातील मजुरीचा तंटा मात्र आसामात अजून मिटलेला नाही, आणि आजोबांचा पेला अद्याप तसाच खाली आहे.

माझा पुतण्या हॅम्बुर्गास असतो. मागल्या दिवाळीत त्याने तेथल्या दुकानातील एक पाकीट मजेने धाडले. वर लिहिले आहे ‘चाय टी’. खुष्कीचा शब्द आणि समुद्राचा शब्द, अर्थ एकच. शाळेत असतो तर पुनरुक्तीचे उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिले असते. मागील बाजूस कृतीच्या सूचना चित्रांसह छापल्या आहेत. आले, वेलदोडा, दालचिनी पाकिटात आधीच घातलेली असून दूध सढळ हाताने ओतावे, असे त्यात सांगितले आहे.