पुत्रशोकाचे चित्रमय स्मारक

इसवी सन १५०० च्या सुमारास इटलीतील पेरुजा नगरीवर बाल्योनी घराण्याचे वर्चस्व होते. परंतु भाऊबंदकीचा शाप त्या घरालाही चुकला नव्हता. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात आस्तोर्रे बाल्योनी याच्या विवाहोत्सवाची धामधूम ओसरते न ओसरते तोच, ग्रिफोनेत्तो या तरुणाने कटवाल्यांशी संगनमत करून निद्रिस्त आप्तांवर शस्त्र चालविले. आस्तोर्रेही त्यात मारला गेला.

ग्रिफोनेत्तोची माता अटलांटा ही तारुण्यातच वैधव्य आलेली स्त्री. पुत्र दाराशी आला, तेव्हा तिने त्याला शाप देऊन परत धाडले. कटातून वाचलेला जानपाओलो लगोलग सैन्यासह परतला आणि ग्रिफोनेत्तो भर रस्त्यात घायाळ होऊन कोसळला. तेव्हा मात्र ती माउली धावली. समकालीन बखरकार मातारात्सो सांगतो की, मारेकऱ्यांना क्षमा कर, असे तिने मरणोन्मुख पुत्राला विनविले. त्याने क्षमा केली आणि मातेचा आशीर्वाद घेऊन प्राण सोडला. आख्यान सांगणाऱ्याचाही कंठ दाटावा असाच हा प्रसंग!

त्या पुत्राच्या स्मरणार्थ अटलांटाने सान फ्रांचेस्को अल प्राटो या चर्चमधील आपल्या घराण्याच्या वेदीसाठी राफाएलकडून चित्र करवून घेतले. १५०७ साली ते पूर्ण झाले, तेव्हा चित्रकार अवघा चोवीस वर्षांचा होता. आधी त्याने येशूच्या देहाभोवती विलाप करणारे आप्त कल्पिले होते. पुढे देह थडग्याकडे वाहून नेण्याचा प्रसंग निवडला. त्यामुळे चित्रात भार आणि गती आली. उजवीकडे माता मेरी मूर्च्छित होऊन स्त्रियांच्या हातांत कोसळली आहे. देह वाहणारा देखणा तरुण म्हणजे ग्रिफोनेत्तोच, अशी परंपरागत समजूत आहे. ती खरी असो वा नसो, मूर्च्छित मातेकडे पाहताना अटलांटा आठवल्यावाचून राहत नाही.

सुमारे शंभर वर्षे हे चित्र त्या वेदीवर होते. १६०८ साली पोप पाचवे पॉल यांचे भाचे कार्डिनल स्किपिओने बोर्गेसे यांच्यासाठी ते रात्रीच्या अंधारात रोमला नेण्यात आले. नगरवासी संतापले, त्यांच्या पदरी प्रतिकृती पडली. १७९७ साली फ्रेंचांनी मूळ चित्र पॅरिसला नेले. नेपोलियनच्या पराभवानंतर ते रोमला परतले आणि आज बोर्गेसे संग्रहालयात आहे. वेदीच्या तळाशी असलेली श्रद्धा, आशा व प्रेम यांची लहान चित्रे मात्र व्हॅटिकनमध्ये गेली. त्यांपैकी मधल्या चित्रात एक माता लेकरांना कवटाळून बसली आहे.