डोळ्यांच्या उंचीवरची रांग

आरोंद्यातले आमचे घर दिवाळीनंतर पाडायचे ठरले, तेव्हा घरात कुणी फारसा वाद घातला नाही. वाशांना वाळवी लागली होती आणि पावसाळ्यात पडवीत चार ठिकाणी भांडी ठेवावी लागत. थोरल्या भावाचा हिशेब सरळ होता. दुरुस्तीला जेवढे पैसे जातील, तेवढ्यात स्लॅबचे घर उभे राहील. पुतण्याने मोबाइलवर शंभरेक फोटो काढले. मी मात्र भलतेच बोलून गेलो. म्हटले, "पाडण्याआधी मी याचे एक चित्र काढणार."

वहिनी हसल्या. त्यांचेही बरोबरच होते. शाळेत मी एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेत नापास झालेला माणूस! वस्तुचित्राच्या पेपरात समोर बादली ठेवली होती. तिचे तोंड मी थाळीसारखे वाटोळे काढले आणि बूड सपाट रेषेचे. चुकले हे कळत होते, का चुकले ते कळत नव्हते. खोडता खोडता कागदाला भोक पडले. त्यानंतर चाळीस वर्षे "आपला हात चित्राचा नाही" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटले, की ते कुंडलीत लिहून आल्यासारखे वाटू लागले.

श्रावणात, निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दिवसांत, समोरच्या मांगरात बसून मी सुरुवात केली. पहिले आठ दिवस वायाच गेले. पागोळीची एक रेषा काढायची, तर मी ती बोटभर पुढे नेई, थांबे, मागे येऊन गिरवी. शेवटी कागदावर पागोळी नव्हे, सुरवंट दिसे. शिकाऊ माणसाची रेषा अशी केसाळ होते, त्याचे कारण हात नव्हे, भीती. चुकेल म्हणून तो रेषा हप्त्याहप्त्याने काढतो.

हे मला उलगडले ते गणपतीच्या शाळेत. चतुर्थी जवळ आली, की आमच्याकडे मूर्ती घडवण्याच्या जागेला शाळाच म्हणतात. तिथले म्हातारे मूर्तिकार काका डोळ्यांची आखणी करत होते. कुंचला रंगात बुडवला, मूर्तीसमोर हवेतच दोनदा फिरवला आणि तिसऱ्यांदा टेकवला. भुवई एका दमात उतरली. मी माझी वही दाखवली. त्यांनी पाने चाळली आणि म्हणाले, "पेन्शिलीच्या टोकाकडे कित्याक बघतंस? जंय जावचा आसा, थंय बघ."

एवढाच धडा. घरी येऊन मी खोडरबर वहिनींच्या डब्यात टाकले आणि बॉलपेन घेतले. जुन्या वर्तमानपत्रावर दोन टिंबे द्यायची. मनगट न वाकवता, खांद्यापासून हात हलवत, रेषा आधी हवेत काढून पाहायची. मग नजर दुसऱ्या टिंबावर ठेवून एका झटक्यात ओढायची. चुकली तर खोडायची नाही, शेजारी दुसरी काढायची. मनगटातून काढलेली रेषा थोड्याच अंतरात कमानीसारखी वळते, कारण मनगट खिळल्यासारखे एका जागी फिरते. खांदा लांबचा पल्ला सरळ नेतो. रोज दोन पाने, आडव्या, उभ्या, तिरक्या. पंधरा दिवसांत रेषा बिनचूक झाली नाही, पण तिची कापरे भरण्याची सवय गेली.

रेषा आली, तरी घर काही उभे राहीना. भिंत पत्त्यासारखी आडवी पडे. इथे यथार्थदर्शन आडवे आले. फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्कीने पंधराव्या शतकाच्या आरंभी हे गणित चित्रात बसवले आणि आल्बेर्तीने 1435 मध्ये ते ग्रंथात मांडले. मुंबईत 1857 मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या शाळांतून ते आपल्याकडच्या चित्रशिक्षणात रुजले. त्याच्यावाचून चित्रच होत नाही, असे मात्र नव्हे. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर मंडळींची चित्रकथी पाहावी. रामायण-महाभारतातले प्रसंग सांगताना ते जी चित्रे पुढे धरतात, त्यांत दूर-जवळचा हिशेब नाही. मोठ्या डोळ्यांची माणसे एकाच सपाटीवर उभी असतात. पण रेषा अशी ठाम, की कुणाला काही खटकत नाही. मला मात्र आमचे घर जिथून पाहिले तिथूनच हवे होते.

पुस्तकातल्या आकृत्यांनी माझे डोके फिरले. शेवटी शिकवले ते घरानेच. आमच्या बाजूच्या भिंतीला गिलावा नाही, जांभ्याचे चिरे उघडे आहेत. एका संध्याकाळी, पाऊस ओसरल्यावर, पेन्सिल हातभर लांब आडवी धरून आणि एक डोळा मिटून मी चिऱ्यांच्या रांगा मोजू लागलो. वरच्या रांगा दूर जाताना खाली उतरत होत्या. जोत्याजवळच्या वर चढत होत्या. मधली एकच रांग अगदी आडवी होती. ती माझ्या डोळ्यांच्या उंचीवर होती! मी उठून उभा राहिलो, तर तो मान वरच्या रांगेला गेला. साऱ्या रांगा वाढवत नेल्या, तर गडग्यापलीकडच्या फणसाच्या बुंध्यावर एका ठिकाणी मिळत होत्या. क्षितिजरेषा, लोपबिंदू हे शब्द त्या क्षणी माझ्यापुरते खरे झाले. क्षितिज तेरेखोलच्या खाडीपलीकडे कुठे नसते. पाहणारा जिथे बसेल, तिथे त्याच्या डोळ्यांबरोबर ते खाली-वर होते.

मग मी पडवीतली बादली आणून समोर ठेवली. तोंड डोळ्यांच्या पातळीपासून थोडेच खाली, म्हणून ते चपटे दिसते. बूड आणखी खाली, म्हणून ते अधिक गोल. शाळेत मी नेमके उलटे केले होते. चाळीस वर्षांपूर्वी कुणी मला "बादली बघ" असे नव्हे, तर "तू कुठे बसला आहेस ते बघ" असे सांगितले असते तर? पण सांगितलेही असेल. माझे लक्ष रबराकडे असणार.

चित्र नवरात्रात पुरे झाले. आढ्याची रेषा दोन झाल्या होत्या. पहिली डोळ्यांनी पाहून काढलेली, मधोमध खाली गेलेली. ती मला हाताची चूक वाटली, म्हणून वर पट्टीसारखी दुसरी ओढली, लोपबिंदूशी नेमकी जुळणारी.

दिवाळीनंतर कौले उतरली, वासे उतरले. चार दिवसांत खळ्यात चिऱ्यांचा ढीग तेवढा राहिला. त्या रात्री भावाने चित्र मागून घेतले. बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याचे बोट आढ्यावर आले आणि खालच्या, मधोमध बसलेल्या रेषेवरून हळूहळू फिरले.

"हेच," तो म्हणाला. "बाबा गेले त्या वर्षीच्या पावसात ते बसले होते. वरची रेषा कशाला काढलीस?"

मी म्हटले, "नियमाने ती तशी येते."

"नियमाने येत असेल," तो म्हणाला, "पण घर आपले असे होते."