टेलिफोनच्या तारेवरचा संगणक : वेग का मंदावत असे?



१९९८ साली कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरातली सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. उसाची नोंद, तोडीची तारीख, काट्यावरचे वजन ही माहिती सभासदाला गावातच मिळावी, हा हेतू. त्या काळी खेड्यात सहज हाती येणारे साधन म्हणजे साधा टेलिफोन आणि मोडेम. पण एका घरी चांगला चालणारा मोडेम दुसऱ्या घरी रखडायचा. असे का व्हायचे, ते पाहू.

मोडेम म्हणजे संगणकाचे आकडे आवाजात बदलणारे यंत्र. टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी. तिच्यातून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचाच आवाज नीट जातो. म्हणून वेगाला मर्यादा. १९९८ च्या 'व्ही.९०' पद्धतीत येणारी माहिती सेकंदाला जास्तीत जास्त ५६,००० बिट, तर जाणारी ३३,६०० बिट. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे ३३,६०० चा वेग मिळाला तर दहा लाख बाइटांना चार मिनिटे लागत. ९,६०० च्या वेगाला तेच काम चौदा मिनिटांचे. तेवढा वेळ फोनचे मीटर चालूच!

पुष्कळ जण इथेच फसत. पडद्यावर १,१५,२०० असा आकडा दिसला की गडी खूष. पण तो संगणक ते मोडेम एवढ्याच अंतराचा वेग असे, तारेवरचा नव्हे.

दोष शोधण्याचा क्रम असा होता :

१. फोन उचलून कानाला लावावा. डायल टोनमध्ये खरखर वा घरघर असेल तर दोष तारेत.

२. घरातले जादा फोन काढून मोडेम थेट मुख्य जोडाला लावावा. वेग वाढला, तर दोष घरातल्या वायरिंगचा.

३. वायर विजेच्या तारेपासून दूर घ्यावी. गंजलेला, ओल धरलेला जोड बदलावा.

४. दुसऱ्या क्रमांकाला जोडून बघावे. तिथे वेग बरा मिळाला, तर खोट पलीकडच्या टोकाला.

५. एवढे करूनही सुधारणा नाही, तर एक्स्चेंजकडे तक्रार. तार लांबची असली किंवा वाटेत आवाजाचे आकडे एकदा जादा झाले, तर ५६,००० चा मोडेमही ३३,६०० च्या वर जात नसे. तिथे नवा मोडेम घेणे म्हणजे पैसे पाण्यात.

आणखी एक. खराब लाईनवर वेग मुद्दाम कमी ठेवला तर काम लवकर उरके. कारण चुकलेली माहिती पुन्हापुन्हा मागवावी लागत नसे, जोडणी मधेच तुटत नसे.

पुढे मोबाईल आला. २००६ च्या सुमारास वारणेतच सात गावांत संगणकाऐवजी मोबाईल संदेशाचा प्रयोग झाला. साधने बदलली, पण रीत तीच : आकडा कशाचा ते आधी बघा, मग आपली बाजू तपासा, मग तक्रार करा. दुकानदार म्हणतो म्हणून नवे यंत्र लगेच घेऊ नका.