झिजलेल्या गोमाशीची ओळख

वर्धा नदीच्या कांठीं, घुग्घुसच्या परिसरांत, पावसाळ्यांत गुरांना गोमाश्या फार छळतात. तिच्या सोंडेस लागलेल्या रक्तावाटे सर्रा रोग पसरतो. ग्रिफिथ इव्हान्स यांनीं १८८० सालीं डेरा इस्माइलखान येथें घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत त्याचे जंतु पाहिले. घोडा तापानें खंगतो; गाय-म्हैस पुष्कळदां वरून निरोगी दिसून रोग बाळगते. म्हणून माशीची नोंद नीट हवी.

हातीं लागलेली माशी बहुधा झिजलेली असते. लव झडते, पंखांच्या कडा फाटतात, आणि मेल्यावर डोळ्यांचे रंग उडतात. अशा वेळीं रंगावर न विसंबतां भिंगानें टिकाऊ अवयव पाहावे.

डोळे एकमेकांस भिडलेले असल्यास तो नर. तो रक्त पीत नाहीं. मादीच्या डोळ्यांमध्यें पट्टी असते. तिच्यावरील गुळगुळीत उंचवटा लव गेल्यावर उलट स्पष्ट दिसतो. पंखावर राखी जाळीदार नक्षी असल्यास हीमॅटोपोटा. पंखावर आडवा काळा पट्टा व मागील नडगीच्या टोकास कांटे असल्यास क्रायसॉप्स. कांटे नसून अंग थोराड व मिशीच्या तिसऱ्या पेरावर दांता असल्यास टॅबॅनस.

येथवर वंश ठरला. टॅबॅनसच्या जाति पुष्कळदां लव व पोटावरील पट्टे पाहून ठरतात. तेच गेले असतां जातीचें नांव ठोकून देऊं नये. चिठ्ठीवर वंश, तारीख, गांव व जनावर एवढेंच लिहावें. चुकीच्या नांवापेक्षां अपुरें नांव बरें.

माशी कोणतीहि असो, तापकरी जनावर निराळें बांधून पशुवैद्याकडून त्याचें रक्त तपासून घ्यावें.