सायकली ट्रॉलीत, माणसे एस.टी.त!

ऑक्टोबर महिना लागला की आमच्या बल्लारपुरातील वस्त्यांमध्ये चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जाण्याची तयारी सुरू होते. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्याची आठवण म्हणून दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला तेथे जनसागर लोटतो. बल्लारपूरहूनच नव्हे, तर राजुरा, गोंडपिपरी, आष्टीकडील खेड्यांतूनही ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात. ट्रॉलीत भांडी, ताडपत्री, सतरंज्या, त्यावर बायामाणसे व लेकरे, आणि मागच्या फाळक्याला दोरीने लटकवलेल्या चार-पाच सायकली. हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यातला धोका आपल्याला दिसत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

सायकल न्यावी की नाही, हा प्रश्न नाही. अवश्य न्यावी. गर्दीच्या दिवशी मोठी वाहने दूर उभी करावी लागतात. तेथून पाणी आणायचे, औषध आणायचे, चुकलेल्या पोराचा शोध घ्यायचा, शहरातल्या नातेवाइकांकडे निरोप द्यायचा, तर सायकलच कामाला येते. शिवाय सायकल ही आपल्या घरात चैनीची वस्तू नाही. त्याच सायकलीवर बाप पाळीला जातो आणि लेक शाळेत जाते. ती मोडली तर दोघांचेही पाय मोडल्यासारखे होते. तेव्हा ती नीट न्यावी, एवढेच आमचे म्हणणे.

आता ती कुठे ठेवावी ते पाहू. परदेशात मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून कुटुंबे सहलीला जातात व सोबत सायकली नेतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चाकांवरचे घर असो की आपली ट्रॉली, ओढून न्यायच्या गाडीत वजनाचा नियम एकच. जड सामान पुढे, हलके मागे.

हा नियम का, ते साध्या हिशेबाने कळते. दोन चाकी ट्रॉली म्हणजे तराजूचा दांडा. मधला आस म्हणजे तराजूचा काटा. पुढचे टोक ट्रॅक्टरच्या हुकावर टेकलेले. आपली जुन्या पद्धतीची काळी सायकल साधारण २० किलोची धरू. अशा चार सायकली म्हणजे ८० किलो. समजा, आसापासून मागचा फाळका ५ फुटांवर व पुढचा हुक १० फुटांवर आहे. मग मागे लटकवलेले ८० किलो हुकावरचा ४० किलो भार उचलून घेतात. अमेरिकेत एका आसाच्या घरगाडीच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर असावा, असे सांगतात. म्हणजे १००० किलोच्या गाडीत १०० ते १५० किलो. त्यातले ४० किलो कमी झाले तर गाडीचे शेपूट डोलू लागते. उतारावर किंवा ब्रेक मारताना ते आवरत नाही.

चार चाकी ट्रॉलीत हा डोल कमी असतो, पण दुसरा धोका राहतोच. लटकलेल्या सायकली मागचा लाल दिवा व रिफ्लेक्टर झाकतात. बाहेर आलेले हँडल मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या थेट छातीच्या उंचीवर असते. रात्री परतताना या रस्त्यावर कोळशाचे ट्रक धावतात. त्यांच्या चालकाला अंधारात ट्रॉली दिसलीच नाही, तर दोष कुणाला द्यायचा?

म्हणून सायकली ट्रॉलीच्या आत, पुढच्या फाळक्याला लागून, उभ्या ठेवाव्यात. एकीचे तोंड डावीकडे, तर दुसरीचे उजवीकडे, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. हँडलचा बोल्ट सैल करून ते आडवे फिरवले तर जागा निम्मी लागते. मात्र उतरल्यावर ते पुन्हा घट्ट आवळल्याशिवाय कुणीही सायकलवर बसू नये. दोन सायकलींच्या मध्ये रिकामे पोते घालावे, म्हणजे रंग जात नाही व पायडल ताडीत शिरत नाही. बांधायला फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या सर्वांत चांगल्या, कारण धक्का बसला तरी त्या ढिल्या पडत नाहीत. नायलॉनची दोरी असेल तर गाठ दुहेरी घ्यावी. बांधताना दोरी चाकाला नव्हे, फ्रेमच्या दांडीला घालावी. हुकाची पिन व पिनेची कडी निघण्यापूर्वी पाहावी. दोन-चार किलोमीटर गेल्यावर सामान बसते व गाठी सैल होतात. म्हणून विसापूर आले की गाडी बाजूला घेऊन सगळ्या गाठी पुन्हा आवळाव्यात. हे काम एकाच जबाबदार माणसाकडे असावे. सगळ्यांचे काम ते कुणाचेच नसते.

आता सर्वांत महत्त्वाचे. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. कायदाही हेच सांगतो. शेतीच्या ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या कामासाठी काढलेला असतो. ट्रॉलीत बसलेला माणूस अपघातात दगावला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. घरातला कमावता हात गेला आणि हाती एक पैसाही आला नाही, तर ते घर उभे कसे राहायचे? तीच गोष्ट ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसणाऱ्यांची. ती बसण्याची जागाच नव्हे.

‘एस.टी.चे भाडे परवडत नाही’ असे पूर्वी म्हटले जाई, व त्यात तथ्यही होते. पण मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट लागते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना प्रवास मोफत आहे. बल्लारपूर ते चंद्रपूर अंतर सुमारे १५ किलोमीटर. घरातल्या बायका, म्हातारी माणसे व मुले एस.टी.ने गेली, तर कुटुंबाचा खर्च किती वाढतो, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. बल्लारशाह स्थानकावरून रेल्वेही आहे. धडधाकट तरुणांनी दिवसाउजेडी, रांगेने, सायकल चालवतच जावे. मग ट्रॉलीत नेण्याच्या सायकलीही कमी होतील.

आमची वस्तीतील मंडळांना विनंती आहे. वर्गणी गोळा करताना भोजनाचा खर्च धरता, तसाच ज्यांना तिकीट परवडत नाही त्यांच्या तिकिटाचाही खर्च धरा. ट्रॉलीतून भांडी, ताडपत्री व सायकली जाऊ द्या. वाटेत ट्रॉली उलटली तर भांडी चेपतील, सायकलीचे चाक वाकेल. ते दुरुस्त करता येते. माणूस दुरुस्त करता येत नाही.